काडी कोणी ओढली

"हाच तो. बघा साहेब, काडी ओढतोय."

नंदकिशोरनी मोबाइल साहेबांच्या नाकासमोर धरला. मुलुंडच्या डोंगराला खेटून उभ्या बावीस मजली सोसायटीचे ते सेक्रेटरी. व्हिडिओत पाड्यावरचा धाकू सोसायटीच्या भिंतीलगतचं गवत पेटवत होता. चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता.

वनखात्याचे साहेब पंचनामा लिहीत होते. काल दुपारच्या वणव्यात डोंगराची अख्खी एक बाजू गेली. आंबे, काजू, करवंदीच्या जाळ्या, सशांची पिल्लं, सगळ्याचा कोळसा. धाकूचं घर गेलं, चार शेळ्या गेल्या. आता गुन्हाही त्याच्याच माथी बसणार होता.

दरवर्षी माघात पाड्यातली माणसं घरांभोवतीच्या गवताचा पट्टा मुद्दाम जाळून टाकायची. पुढे वणवा आलाच तर तिथे अडायचा. यंदा सोसायटीने तक्रार करून ते बंद पाडलं. धुराने म्हणे मुलांना खोकला होतो. मोठी पर्यावरणप्रेमी सोसायटी ती. आवारात पाला जाळायला सक्त मनाई, तसा फलकच लावलाय. म्हणून त्यांचा माळी पाला हातगाडीवर घालून वर जंगलात नेतो आणि तिथे पेटवतो. काल भडका तिथूनच उडाला, हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण शेंबड्या पोराला पंचनाम्यात विचारतो कोण?

"अक्कल म्हणून नाही या लोकांना," नंदकिशोर म्हणाले. "सुशिक्षित माणसं राहतात इथे. आमच्या भिंतीला आग लावतो म्हणजे काय?"

"लावलीस का रे?" साहेबांनी धाकूला विचारलं.

"लावली. वणवा वरनं खाली येत होता. त्याच्या समोरचं गवत आधीच जाळून टाकलं की त्याला खायला काय उरत नाय. म्हणून तर भिंतीपाशी थांबला."

साहेबांचं पेन थांबलं. नंदकिशोरनी मान वर करून पाहिलं. बावीसच्या बावीस मजले धडधाकट होते. त्यांचा आवाज लगेच लोण्यासारखा झाला. सेक्रेटरीच ते, वारं कुठे फिरलं हे त्यांना कळणारच.

"अरे, मग आधी नाही का सांगायचं? सोसायटीतर्फे तुझा सत्कार करू. शाल, श्रीफळ, सगळं. स्वतःचं घर जळू दिलंस आणि आमच्यासाठी धावलास."

"तुमच्यासाठी कोण धावतंय?" धाकू म्हणाला. "एकाच बाजूचं गवत जाळण्याएवढा वेळ होता. घराकडे पळालो असतो तर शेळ्या तरी वाचल्या असत्या. पण तुम्ही सगळे खाली उतरून व्हिडिओ काढत होतात, आणि माझी बायको तुमच्या अकराव्या मजल्यावर होती. पडदे काळे होतील म्हणून तुमच्या मॅडमनी तिला खिडक्या लावायला मागे ठेवलेली."