जुन्या मापाचं गॅस्केट

सूड म्हणजे तपश्चर्या, तिथे घाई चालत नाही, असं गॅस्केटवाल्याचं ठाम मत होतं. त्याची तपश्चर्या लग्नापासून अखंड चालू होती. मध्यंतरी एकदाच संयम सुटला आणि त्याने साडूच्या स्कूटरची हवा सोडली. ती स्कूटर दातांच्या डॉक्टरची निघाली.

आज मात्र साडू आपल्या पायांनी दुकानात आला होता.

"काय चकतीराव, कसा चाललाय धंदा?"

हे नाव साडूचीच देणगी. भर लग्नात कुणीतरी विचारलं, नवरा मुलगा काय करतो? साडू म्हणाला, "रबराच्या चकत्या कापतो." तेव्हापासून सासरे, मेहुणे, त्यांची पोरंटोरं, सगळ्यांसाठी तो चकतीराव. गॅस्केटवाल्याने त्या शब्दाचा इतका धसका घेतला, की गिऱ्हाईकाने चकती मागितली तर तो सरळ "शिल्लक नाही" म्हणायचा. सासरच्या गोतावळ्यात ते नाव कधीच न घेतलेलं माणूस एकच, त्याची बायको. त्यापायी ती सख्ख्या बहिणीशी वर्षभर बोलली नव्हती.

साडू पाणीखात्याच्या पंपघरावर सुपरवायझर. त्याने खिशातून एक चेपलेलं गॅस्केट काढून टेबलावर टाकलं.

"उद्या नव्या पंपाचं उद्घाटन आहे. जुन्या मोठ्या पाइपाच्या जोडात बसतं हे. असंच द्या. हेच माप, हीच जाडी. उगाच डोकं चालवू नका."

दुसरं कुणी असतं तर गॅस्केटवाल्याने बसवून समजावलं असतं. दोन फ्लँजांमध्ये, म्हणजे पाइपांच्या तोंडांवरच्या लोखंडी कड्यांमध्ये, आवळलेल्या बोल्टांखाली वर्षानुवर्षं चिरडलेलं गॅस्केट पसरतं, कागदासारखं होतं. त्यावरून माप घेणं म्हणजे वाकलेल्या म्हाताऱ्याला बघून त्याच्या तरुणपणीचा कोट शिवणं. माप फ्लँजचं घ्यायचं आणि शीट जाड वापरायची, दाबली की खाचाखोचांत बसेल अशी. नाहीतर पंप सुरू झाल्याबरोबर जोडातून पिचकारी.

"तुम्ही म्हणाल तसं," गॅस्केटवाला म्हणाला.

त्याने व्हर्नियर लावला. चुकीचं माप इतकं अचूक त्याने जन्मात घेतलं नव्हतं. दुकानातली सगळ्यात पातळ शीट काढली. कटर फिरत होता आणि त्याला दिसत होता पांढऱ्या सफारीतला साडू, मोठ्या साहेबांसमोर, नखशिखान्त चिंब. कडा त्याने मायेने घासल्या.

"उद्या तुम्ही पाइपाजवळच उभे असाल ना?" गॅस्केट हातात देताना त्याने सहज विचारलं.

"छे हो. मी मागे, खुर्चीत. जोडाशेजारचं व्हॉल्व्हचं चाक कर्मचाऱ्याच्या घरातल्या बाईने फिरवावं, अशी साहेबांची इच्छा. आमच्या हिचा गुडघा धरलाय. मग सकाळी मेहुणीबाईंनाच फोन केला."

"कोणत्या मेहुणीबाई?"

"मला आहेत किती? तुमच्या घरच्याच की. एवढ्या खूश झाल्या, लगेच कपाटातली कोरी साडी काढायला गेल्या. एकच अट घातली, गॅस्केट आमच्याच दुकानातून न्या, त्यांच्यासारखं माप कुणी घेत नाही. म्हणून तर आलो."

साडू पायरी उतरला. गॅस्केटवाला खिशात मापाची टेप कोंबत त्याच्या मागे धावला.

"साडूभाऊ," घसा खाकरत तो म्हणाला, "ती चकती जरा परत द्या."