पाण्यावरचा ब्रेक

मागच्या डाव्या चाकापाशी ब्रेकची नळी दगडाने चिरली होती. आतलं तेल थेंब थेंब करीत धुळीने पिऊन टाकलं होतं.

थोरला भाऊ जीपखाली उताणा पडला होता. बाहेर नुसते बूट दिसत होते. जीप धाकट्याची. तो बुटांशी उकिडवा बसून पान्हे देत होता. तिसऱ्या जीपचा मालक दातांचा डॉक्टर, पक्कड त्याच्या हातात.

“नळी दुमडून ठेचली,” थोरला खालून म्हणाला. “हे चाक गेलं. बाकीच्या तिन्ही चाकांना ब्रेक लागेल.”

“माझ्याकडे असंच करतात,” डॉक्टर म्हणाला. “एक किडला तर उरलेल्यांवर चावायचं.”

सगळे हसले. मग धाकट्याने तेलाचा डबा उलटा धरला. तळातून एक धार आली, बारीक झाली, तुटली.

थोरला बाहेर आला. अंगावरची माती झटकत म्हणाला, “पाण्याची बाटली आण.”

“ब्रेकमध्ये पाणी, दादा?”

“तेल काय नि पाणी काय! इकडून दाबलं की तिकडे सरकतं. का गाडी इथे सोडायचीय?”

धाकटा बाटली आणायला गेला. डोंगरवाटांवर जीपा घालणाऱ्या या टोळीचा नेम एकच होता, आणि तो थोरल्यानेच घातला होता: गाडी सोडून यायचं नाही. मागे एकाने सोडली होती. त्याचं नाव आता फक्त चेष्टेपुरतं निघे.

पाणी ओतलं. धाकट्याने पेडल दाबदाबून आतली हवा काढली. सपाटीवर गाडी थोडी पळवली, पाय दिला. जागच्या जागी खिळली. थोरल्याच्या मुलांनी टाळ्या पिटल्या.

धाकट्याची बायको समोरची वाट बघत होती. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी. मधे जीपच्या रुंदीची वाट, खाली खाली उतरत गेलेली.

“भाऊजी, उतारावर ब्रेक तापतात ना?” तिने विचारलं. “मग आतलं पाणी उकळलं तर?”



“चहाचं आधण आहे का ते, उकळायला?” थोरला हसला. धाकट्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, “मी पुढे राहतो. काही झालंच तर माझ्या गाडीला येऊन टेक. थोरल्याची पाठ कशाला असते?”

थोरल्याच्या बायकोने आपल्या गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटवर दोन्ही मुलं चढून बसली होती.

“आम्ही तिघं चालत उतरलो तर?” ती नवऱ्याला हळूच म्हणाली.

“चालत? म्हणजे माझ्या कामावर घरच्यांचाच भरवसा नाही, असं डॉक्टरला दाखवायचं?”

ती गाडीत जाऊन बसली. धाकटीही बसली. जाऊ बसल्यावर तिने कोणत्या तोंडाने चालायचं?

उतार सुरू झाला. पहिला गिअर, इंजिनचा हंबरडा, तरी गाडी पुढे ओढ घेत होती. धाकट्याचा पाय ब्रेकवरून उठेना. पहिल्या वळणाला ब्रेक घट्ट लागला. दुसऱ्यालाही. तो शीळ घालू लागला.

मग करपल्यासारखा वास आला.

धाकटी वाटेकडे बघत नव्हती. ती त्याच्या पायाकडे बघत होती. पाय एकदा दाबायचा तो दोनदा दाबू लागला. मग चारदा.

“काय रे?”

“काही नाही. जरा मऊ लागतंय.”

शीळ थांबली होती. पेडल खाली गेलं, तळाला टेकलं, तिथेच राहिलं. त्याने हँडब्रेक खेचला. गाडी कुरकुरली, पण थांबली नाही. त्याने हॉर्नवर हात ठेवला आणि उचललाच नाही.

पुढे थोरल्याने ऐकलं. त्याच्या गाडीचे मागचे लाल दिवे लागले. बोलल्याप्रमाणे तो वाटेच्या मधोमध थांबत होता.

मागच्या काचेला दोन्ही मुलं नाक लावून उभी राहिली. काका शर्यत लावतोय असं त्यांना वाटलं. दोघं हसत होती, आणि दोन्ही हातांनी बोलावत होती: ये, ये.