टॅबवरची टिकली
दिपिकाला दिसत नाही, म्हणून मी कीबोर्डच्या टॅब बटणावर तिच्या आईची टिकली चिकटवली होती. बोटाला टिकली लागली की ती दाबायची, लॅपटॉप पानावरचं एकेक नाव बोलून सांगायचा आणि हवं ते आलं की ती एंटर करायची. माउसला तिने कधी हात लावला नाही. धरमतरहून पेणला माझ्याकडे शिकायला येऊन ती इतकी तयार झाली, की उद्या रोह्याला होणाऱ्या बँकेच्या परीक्षेसाठी तिने लेखनिकही नाकारला. आज परीक्षावाल्यांनी दिलेलं सरावाचं पान उघडलं. पहिलं उत्तर तिने बरोबर निवडलं. मग टॅब दाबला, तर लॅपटॉप म्हणाला, ‘मुख्यपृष्ठ’. ‘पुढचा प्रश्न’ ही निळी लिंक मला समोर दिसत होती, पण टॅब तिच्यावर थांबतच नव्हता. ती लिंक फक्त माउसने उघडत होती. “घाई झाली माझी,” दिपिका म्हणाली. चुकलं की घाई झाली समजायचं आणि पानाच्या पहिल्यापासून टॅब दाबत यायचं, हे मीच शिकवलेलं. ती पुन्हा पहिल्यापासून आली. पुन्हा ‘मुख्यपृष्ठ’. “तुझं चुकत नाही, पानच तसं आहे.” “मग उद्याचं पण तसंच असंल?” मी परीक्षेच्या मदतकेंद्राला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. तिला घेऊन आलेल्या आईने बाहेर ओट्यावरून विचारलं, “काय गो, जमतंय ना?” “व्हय आये, जमतंय,” म्हणत तिने पुन्हा टॅब दाबला. या वेळी टिकली सुटून बोटालाच चिकटून आली. तिने ते बोट माझ्यापुढे धरलं. “बाई, ही परत लावून द्या. मी पहिल्यापासून येते.”