चौदा तारखेची शेवंती

“थोडं डावीकडे! आरसा पूर्ण दिसू दे, नाहीतर चित्राशी जुळायचं नाही!” फुसाएकाकूंनी दुकानातूनच ओरडून सांगितलं.

उतारावरच्या दोन मुली सरकल्या. एकीनं मोबाइल धरला. दुसरी वळणावरच्या गोल आरशाखाली, तोंडात पाव धरून, धावायच्या आवेशात उभी राहिली.

कामेउरासारख्या आडगावात लोक नुसतं एक वळण बघायला नागोयाहून येतील, असं पूर्वी कुणी म्हटलं असतं तर काकूंनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण चार वर्षांपूर्वी ते वळण हुबेहूब रेखाटलेला ॲनिमे चित्रपट आला आणि रांग लागली. पाहुण्यांनी दोन शब्द लिहावेत म्हणून काकूंनी दुकानात वही ठेवली. आता अकरावी वही चालू होती. कोणतं दृश्य कुठून टिपायचं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

चित्रपट मात्र त्यांनी पाहिला नव्हता. “गोष्ट सांगायची नाही हं,” असं त्या प्रत्येकाला बजावत. ही मंडळीही तशी शहाणी. न पाहिलेल्याला गोष्ट सांगणं म्हणजे त्यांच्यात महापाप.

दहा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, याच वळणावर काकूंची नऊ वर्षांची मुलगी चिहारू एका गाडीखाली गेली होती. गाडीवाला थांबला नाही. पोलिसांना सापडलाही नाही. लोकांनी सांगून पाहिलं, पण काकूंनी दुकान हलवलं नाही. कधीतरी तो याच रस्त्यानं जाईल, या एका आशेवर त्या गल्ल्यामागे बसून प्रत्येक गाडी डोळ्यांत तेल घालून बघत.

हौसेनं आलेल्या पोरांना हे सांगून त्यांच्या आनंदावर विरजण कशाला घालायचं? सांगितलं ते एकट्या इसोगाईसानना.

इसोगाईसान चित्रपट आल्यापासून दर महिन्याच्या चौदा तारखेला येत. स्टेशनपासून चालत. गाडी चालवणं कधीच सोडलं, म्हणायचे. बाकीचे आरशाखाली उभे राहत. हे पलीकडे, गटाराच्या कठड्यापाशी पांढरी शेवंती ठेवून हात जोडत. पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते, “चित्रपटातली मुलगी इथंच मरते. तारीखही चौदाच आहे.” चित्रपट बघायचा नाही, हे काकूंनी तेव्हाच ठरवलं.

चित्रातल्या पोरीसाठी फुलं आणणारा माणूस! वेडा म्हणावा, तर केवढी माया. गेल्या वर्षी काकूंनी चिहारूचं सांगितलं, तेव्हा तो पन्नाशीचा माणूस असा हमसून रडला की काकूंनाच त्याची समजूत घालावी लागली. तेव्हापासून त्यांचा चहा काकू चिहारूच्या, ससा रंगवलेल्या कपात देत. घरचंच माणूस वाटायचं आता ते.

आजही चौदा तारीख. फुलं ठेवून इसोगाईसान आत आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. काकूंनी कप त्यांच्या हाती दिला. तेवढ्यात मुली वही लिहायला आल्या.

“काकू, खरंच तुम्ही अजून पाहिला नाही?” पाववाली म्हणाली. “दिव्याखाली अंधार! थांबा, आत्ता लावते फोनवर.”

काकूंनी एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. हा परका माणूस महिन्याच्या महिन्याला इथं येऊन उभा राहतो, मग आपल्याला एवढाही धीर नसावा?

“लाव,” त्या म्हणाल्या. “आज बघूनच टाकते. फक्त ती मुलगी मरायच्या आधी सांग बाई. मी डोळे मिटून घेईन.”

“नको, फुसाएसान,” इसोगाईसान घाईघाईनं म्हणाले. “कशाला उगाच त्रास?”

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या खो खो हसत सुटल्या.

“मरते? काकू, कुणी मारली ही थाप? शाळेला उशीर झाला म्हणून ती पाव खात उतारावरून पळते, बस्स! हसून हसून पोट दुखतं. अख्ख्या चित्रपटात कुणीसुद्धा मरत नाही!”

काकू वळल्या.

सशाचा कप खुर्चीवर नीट ठेवलेला होता. इसोगाईसान जमिनीवर गुडघे टेकून, दोन्ही तळवे पसरून, फरशीला कपाळ लावून बसले होते.