मांडीशी थांबणारा चेंडू

बायको, सुलक्षणा, अपघातात गेल्याचा भास्करला फोन आला, तेव्हा त्यांची नऊ महिन्यांची मिहिका चेंडूमागे रांगत होती. त्याने फोन खाली ठेवला. चेंडू सुलक्षणाच्याच आवाजात म्हणत होता, "ये गं माझी मुंगी, ये."

बाळांनी भरपूर रांगावं म्हणून अंगणवाडीने घरोघरी असे चेंडू दिले होते. ज्याचा आवाज भरला असेल त्याला चेंडू घरात शोधायचा, हाका मारत बाळाला मागे न्यायचा आणि त्या माणसाच्या मांडीशी जाऊन थांबायचा.

महिन्याने अंगणवाडीच्या कमलताई चेंडूतले रांगण्याचे आकडे बघायला आल्या. "दुप्पट रांगतेय की. पोरगी भारी आहे हो तुमची."

"चेंडू थांबतच नाही," भास्कर म्हणाला. "स्वयंपाकघर, मोरी, परत बाहेरची खोली. तो सुलक्षणाला शोधतो आणि ही त्याच्या मागे."

कमलताईंनी वही मिटली. "मग दादा, तुमचा आवाज भरा. तुमच्यापाशी येऊन थांबेल."

"आणि तिचा?"

"चेंडूत एकच राहतो. तिचा तुमच्या फोनमध्ये काढून देते."

त्या गेल्यावर भास्कर जमिनीवर मांडी घालून बसला. चेंडू धरून त्याने बटण दाबलं. "बोला," चेंडू म्हणाला. मिहिका त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याला 'मुंगी' एवढंही म्हणता आलं नाही. त्याने चेंडू सोडला. सुलक्षणाच्याच आवाजात हाका मारत चेंडू मोरीकडे निघाला आणि मिहिकाही निघाली.

याला सहा आठवडे झाले. आवाज भरायचा अजून राहिला आहे.