डावीकडून

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावर पूर्वी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या यात्रेकरूंपैकी कित्येकींचे नवरे वाटेतच गेले, आणि पुढचे चढ त्या बायकांनीच हातगाड्या ओढत पार केले. त्यांची आठवण म्हणून आजही तिथल्या चढावर गाडी फक्त बायका ओढतात. पुरुष दुतर्फा टोप्या काढून उभे राहतात, आणि चकार शब्द काढत नाहीत.

व्हर्ल आजोबांना हे कधीच जमलं नाही. दर उन्हाळ्यात ते ओरडायचेच, "आर्डिथ, डावीकडून घे, दगड आहे तिथे!" आणि आर्डिथ आजी हटकून उजवीकडून घ्यायची.

आजोबा एप्रिलमध्ये गेले.

"यंदा राहू द्या ना, आई," सून म्हणाली.

"का? हात शाबूत आहेत माझे!" म्हणत आजीने दांडा धरला.

दगडापाशी येऊन ती थबकली. समोर थोरला लेक बोडका उभा होता. एका हातात त्याची टोपी, दुसऱ्या हातात आजोबांची, काठ उसवलेली.

आजी खुदकन हसली. "यंदा बरे गप्प उभे राहिलात!" ती त्या टोपीला म्हणाली, आणि गाडी डावीकडून घेतली.