बाथरूममधले खडक

“शी! शी! शी!” असं ओरडत आईनं कोपरापर्यंत हात पुन्हा टबात घातला.

बाथरूमच्या दारात उभ्या असलेल्या लेकीनं रुमाल नाकाला घट्ट दाबला. टबात मिठाचं पाणी होतं आणि पाण्यात समुद्रातून काढून आणलेले ओबडधोबड खडक. त्यांच्या भोकाभोकांत राहणारे निम्मे जीव प्रवासातच मेले होते आणि आता आरामात सडत होते. नासक्या अंड्यांचा वास येत होता. तो नाकातून घशात उतरायचा आणि तिथंच मुक्काम करायचा. खडकांवर पांढुरकी, बुळबुळीत साय धरली होती. आई जुन्या टूथब्रशनं ती खरवडत होती आणि ती साय तिच्या मनगटावरून शेंबडासारखी ओघळत होती.

“ई! हे बघ, हे बघ!” आईनं चिमट्यात धरून एक लांबलचक अळी वर काढली. अंगभर काटेरी केस, दोन्ही बाजूंना पायांची झालर. अळी चिमट्यात पिळे घेत होती. “किळसवाणी मेली! आला की नाही अंगावर काटा?”

“आई, फेक ती आधी!”

लेक सकाळीच गाडीतून उतरून थेट घरी आली होती. गेले काही दिवस फोनवर आईचं ‘शी’ आणि ‘ई’ ऐकून ती धास्तावली होती. त्यातच खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. “तुझ्या आईनं घरात काय मारून ठेवलंय, ते एकदा येऊन बघ,” ते म्हणाले. आवाजात थट्टा अजिबात नव्हती.

तसं आईचं हे माशांच्या टाकीचं वेड जुनंच. लेक शाळेत होती तेव्हा बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून मोठी टाकी होती. जांभळे, हिरवे प्रवाळ आणि त्यांच्यात लपाछपी खेळणारे मासे. बाबांनी कधी त्या पाण्यात बोटसुद्धा बुडवलं नाही. पाहुण्यांना मात्र ते मालकाच्या थाटात एकेका माशाची ओळख करून द्यायचे आणि बायकोला मत्स्यकन्या म्हणायचे. मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि त्यांनी अंथरूण धरलं ते शेवटपर्यंत. आईनं त्याच आठवड्यात मासे, प्रवाळ, पंप सगळं ओळखीपाळखीत वाटून टाकलं. रिकामी टाकी गॅलरीत धूळ खात पडली. बाबा गेल्या वर्षी गेले. आता ती टाकी घासूनपुसून पुन्हा भिंतीला लागली होती आणि बाथरूममध्ये हा नरक मांडलेला होता.

“असं किती दिवस चालायचं हे?” लेकीनं रुमालातूनच विचारलं.

“महिना, दीड महिना. सडायचं ते सगळं सडून जाऊ द्यायचं. रोज खरवडायचं, रोज पाणी बदलायचं. वास थांबला की खडक टाकीत, मग त्यांच्यावर प्रवाळ.” आईनं एक खडक उलटा केला. खालून काळपट काहीतरी भसकन बाहेर आलं. “अगं आई गं! ओक्! आतडी बाहेर येतील माझी!” तिनं डोळे मिटले, नाक चढवलं, जीभ बाहेर काढली आणि सगळं अंग शहारून घेतलं. मग एक डोळा उघडून ती पुन्हा त्या खडकाकडे वाकली.

आई वैतागलीय की खुशीत आहे, हेच लेकीला कळेना. तिला आईची काळजी वाटत होती, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. बाबांच्या मागे आईनं चार ठिकाणी फिरावं, माणसांत जावं, नातवाला खेळवावं. हे काय?

“बास झालं. मी टेम्पो बोलावते,” ती म्हणाली. “हे सगळं आजच्या आज बाहेर जाईल आणि तू माझ्याबरोबर येशील.”

रुमाल बाजूला फेकून तिनं वाकून एक खडक उचलला. त्यातून गार, लिबलिबीत पाणी तिच्या पावलांवर सांडलं. वासाचा भपका थेट तोंडावर आला. तिनं खडक टबात टाकला, बेसिन गाठलं आणि सकाळचा चहा ओकून काढला.

मागून आईचा हसण्याचा आवाज आला. किती वर्षांनी ती अशी हसत होती कुणास ठाऊक. “ओक, ओक,” आई म्हणाली. “आपल्याच घरात लाज कसली?”

लेकीनं चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि ती वळली. तिचे डोळे लाल झाले होते.

“हसतेस काय? आठ वर्षं बाबांचं सगळं तू केलंस. भांडं, चादरी, पाठीवरच्या त्या जखमा. सांभाळायला ठेवलेल्या बायका त्या वासानं काम सोडून पळाल्या. तुझ्या कपाळावर एक आठी मी कधी पाहिली नाही. डॉक्टर म्हणायचे, तुझ्या आईला घाण वाटतच नाही. आणि आज चार दगडांसाठी सबंध बिल्डिंगला ऐकू जाईल असं शी-शी करतेस? तेव्हा नाही कधी किळस आली तुला?”

आईचा ब्रश थांबला. तिनं हातातला खडक अलगद पाण्यात सोडला.

“रोज यायची,” ती म्हणाली. “पण ते माझ्या तोंडाकडे बघत असायचे गं.”